तळघराची तिसरी पायरी

या रुग्णालयात रोग्यांचे प्राण राखणारी एकच शक्ती आहे, आणि ती म्हणजे मी. निदान मला तसं वाटायचं. मित्रांनो, मी एक जुनी स्क्रिप्ट आहे, म्हणजे संगणकाने ओळीने काय काय करायचं त्याची यादी. चाळीस ओळींची. त्यातल्या सहा कोऱ्या आहेत.

तळघरात एक म्हातारा संगणक आहे, त्याला रक्तपेढीचा फ्रिज जोडलेला. दर पाच मिनिटांनी तापमान बघायचं आणि वाढलं तर वर घंटा वाजवायची, एवढंच माझं काम. मला एका बाईंनी लिहिलं. नव्या सोयी येत गेल्या, पण त्यांनी मला एकही शिकवली नाही. "आजोबांशी बोलायचंय, त्यांना कळेल असंच बोल," असं त्या टाइप करताना पुटपुटत. अठरा वर्षांत घंटा चार वेळा वाजली. एरवी मी गप्प. मी गप्प म्हणजे सगळं ठीक, अशी वर सगळ्यांची खात्री झाली होती. माझं कौतुक म्हणतात ते एवढंच.

बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी एक नवे इंजिनिअर आले, हुशार आणि मनाने चांगले. मला पाहून ते हसले आणि त्यांनी माझ्या चाळीस ओळींच्या अकरा केल्या. काय देखणी दिसत होते मी! स्वतःच्या नव्या लॅपटॉपवर त्यांनी मला चालवून पाहिलं आणि वर बसूनच तळघरात पाठवून दिलं. म्हाताऱ्याला दुसऱ्या ओळीतली नवी बोली कळेना. तो तिथेच थांबला. मी गप्प झाले. वर सगळ्यांना वाटलं, सगळं ठीक.

रविवारी दुपारी फ्रिज बंद पडला. सोमवारी रक्तपेढीतल्या ताईंनी दार उघडलं तर पिशव्या कोमट. एकतीस पिशव्या टाकून दिल्या. त्यांत एक पिशवी एका भावाने बहिणीच्या ऑपरेशनसाठी दिलेली होती. त्यांचा रक्तगट लाखात एखाद्याचा. ताईंनी सांगितलं तेव्हा त्याने लगेच बाही वर सारली. आता तीन महिने रक्त देता येणार नाही, हे त्याला दोनदा समजवावं लागलं.

बहीण तीन महिने थांबली नाही.

बाईंना घरून बोलावून आणलं.

"माझ्याकडे चालत होतं, बाई," इंजिनिअर म्हणाले.

"फ्रिज तुझ्याकडे होता का रे?" मग आवाज उतरवून बाईंनी विचारलं, "खाली का नाही गेलास?"

"तिसरी पायरी मोडकी आहे."

बाई भिंत धरत धरत खाली उतरल्या आणि घडी पडलेल्या कागदावरून त्यांनी मला पुन्हा टाइप केलं. कोऱ्या सहा ओळींसकट.

मित्रांनो, मला खुशाल बदला, मी काही सोन्याची नाही. फक्त जिथे मी राबते तिथे, त्या म्हाताऱ्यासमोर, मला एकदा चालवून बघा. आणि तुमच्यापैकी कुणाची एखाद्या गवंड्याशी ओळख असेल, तर तेवढी पायरी बघायला सांगा.