दांडा खाली

त्या दिवशी बाबा स्टुलावर चढून पंखा पुसत होते आणि मी खाली स्टूल धरून उभी होते. हेलिकॉप्टर चालवायला शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस निवृत्त झाला, तरी छताचा पंखा नुसता पुसू शकत नाही.

"हे पातं बघ. तिरकं आहे म्हणून हवा खाली ढकलतं. सपाट असतं तर गरगर फिरलं असतं आणि वारा शून्य. आमचंही तेच. डाव्या हाताशी दांडा असतो. वर ओढला की सगळी पाती एकदम जास्त तिरकी होतात, हेलिकॉप्टर वर जातं. खाली केला की पाती सपाट."

"बाबा, फडकं द्या, धुऊन आणते."

"पुस्तकवाले, ऐक जरा. हे तुझ्या पुस्तकांत नाही."

पुस्तकांत नव्हतं, पण घरात दुसरं काही नव्हतं. उकाडा वाढला की बाबा म्हणायचे, आज हवा पातळ आहे, वजन कमी घ्या. लिफ्टमध्ये एखादा जाडजूड माणूस शिरला की ते त्याच्याकडे आणि मग छताकडे बघायचे. आईला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आणि एक खेळ होता. जेवताना, रस्त्यात, कुणाचा वाढदिवस चालू असताना, बाबा मध्येच म्हणायचे, "इंजिन गेलं." समोरच्याने त्या क्षणी म्हणायचं, "दांडा खाली." विचार करायला थांबलात तर मेलात. कारण इंजिन बंद पडलं की जमीन अंगावर येते आणि हात आपोआप दांडा वर ओढतो. ओढला की तिरकी पाती हवेला अडतात, मंदावतात, आणि एकदा फार मंदावलेली पाती पुन्हा वेग घेत नाहीत. दांडा खाली केला तर हेलिकॉप्टर खाली जातंच, पण खालून येणारी हवा सपाट पात्यांना फिरती ठेवते. उंची द्यायची आणि फिरणं राखायचं. जमीन अगदी जवळ आली की तेवढ्या राखलेल्या फिरण्यावर दांडा एकदा ओढायचा आणि अलगद टेकायचं.

"एकदाच मिळतं ते," बाबा सांगायचे. "आधी खर्च केलंत तर संपलं."

आई भांडी घासता घासता, मान न वळवता उत्तर द्यायची. धाकटा भाऊही द्यायचा, आणि तोंडाने तो कधीच चुकला नाही. हेलिकॉप्टर शिकायला बाबांच्या शेजारी बसला तेव्हा मात्र दर वेळी त्याचा हात वर गेला. बाबांनी त्याच्या हातावर हात ठेवून दांडा खाली दाबायचा, असं बरेच दिवस चाललं. मग त्याने चष्म्यांचं दुकान टाकलं. "जमीन नीट दिसायला हवी ना त्याला," बाबा पाहुण्यांना सांगायचे. भाऊही हसायचा.

मी कधी उत्तर दिलं नाही. भांडण नव्हतं. सगळं घर एका हाकेला सलाम ठोकतं याचं मला हसू यायचं, एवढंच.

"इंजिन गेलं," बाबा स्टुलावरून म्हणाले.

"दांडा खाली," स्वयंपाकघरातून आई म्हणाली. "आणि आता तुम्हीपण खाली या."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"मी प्रवासी आहे," मी म्हणाले. नेहमीचंच.

"बरं बाई. प्रवाशांनी पट्टे बांधावेत." ते उतरले, बटण दाबलं, पंखा फिरला. मी चहा पिऊन माझ्या घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते न्हाणीघरात पडले. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली होती.

हॉस्पिटलात आम्हाला बसवलं होतं तिथल्या भिंतीवर आग विझवायच्या नळकांड्याच्या सूचना लावल्या होत्या. मी त्या पुन्हा पुन्हा वाचल्या. रडू येत नव्हतं. येईल म्हणून वाटही पाहत नव्हते. आईच्या पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या. ते मला दिसत होतं, पण तिला सांगावंसं वाटलं नाही.

मग डॉक्टरबाईंनी आम्हाला बाबांच्या खाटेपाशी बोलावलं. त्या वयाने माझ्याहून लहान असाव्यात.

"श्वास यंत्राचा आहे," त्या म्हणाल्या. "मेंदूकडून काहीच येत नाहीये. आम्ही पुन्हा तपासून खात्री केली. ते परत येणार नाहीत. यंत्र ठेवायचं की काढायचं, ते तुम्ही तिघांनी मिळून सांगा."

"ठेवायचं," भाऊ लगेच म्हणाला. "अजून थोडं ओढता येईल ना?"

तो शब्द त्याच्या तोंडून सहज गेला. आई त्याच्याकडे बघत राहिली.

"ओढता येईल," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण एकेक अवयव मंदावत जाईल. मूत्रपिंडांची सुरुवात झालीच आहे. आत्ता काढलं तर औषधाखाली, त्रास न होता, तुम्ही जवळ असताना होईल. नंतर कसं होईल ते आमच्या हातात नाही."

"ताई, तू काही बोलू नकोस," भाऊ म्हणाला. "तुला सगळं पटकन पटतं."

"मी कुठे काय बोलले?"

"बोलणार आहेस."

यंत्र बाबांची छाती वर करत होतं, खाली सोडत होतं. नखांच्या कडेला पंख्यावरची काळी धूळ अजून होती. भावाने खाटेचा दांडा डाव्या हाताने घट्ट पकडला होता. बोटं पांढरी पडली होती. मला ती खाट उचलली जाईल असं वाटलं.

आईने बाबांच्या अंगावरची चादर सारखी केली. मग भांडी घासतानाच्याच आवाजात, कुणाकडेही न बघता ती म्हणाली, "इंजिन गेलंय रे."

भाऊ गप्प राहिला. डॉक्टरबाई आमच्याकडे आळीपाळीने बघत होत्या. खोलीत फक्त यंत्राचा आवाज होता, आणि उत्तर द्यायला उरलेली मी.

मी भावाच्या हातावर हात ठेवला. तो हात थोडा वेळ ताठ राहिला. मग सैल पडला.

"दांडा खाली, बाबा," मी म्हणाले.