भिंत ठोकणाऱ्या अकराजणी

भूकंपात आमच्या चाखलिंगच्या देवळाची पश्चिमेची भिंत वरपासून खालपर्यंत उभी चिरली. मूर्तीला धक्का लागला नाही, पण पुजारी लोपेन चेतेन त्या बाजूला कुणाला फिरकू देईनात.

थिंपूहून जुर्मी नावाचा तरुण इंजिनियर आला. त्यानं भेगेत हात घालून पाहिलं आणि म्हणाला, "ही पाडायची. नवी सिमेंटची बांधू."

"सिमेंटची का?" केझांग ल्हादेननं विचारलं.

आमच्याकडे पुरुष माती वाहतात आणि भिंत बायका ठोकतात. फळ्यांच्या साच्यात ओतलेल्या मातीवर उभं राहायचं, हातातली लाकडी धुमस उचलायची, आपटायची. ताल सुटू नये म्हणून गायचं. केझांग गाणं उचलायची, आम्ही मागून ओढायचो. सदुसष्ट वर्षांची होती, पण आवाज खालच्या ओढ्यापर्यंत जायचा.

"आजी, मातीच्या भिंतीला पंचवीसजणी तरी लागतात," जुर्मी म्हणाला. "तरुण पोरी सगळ्या शहरात. तुम्ही उरलात अकरा. सगळ्यांची वयं एकत्र केली तर साडेसहाशे भरतील."

"मग साडेसहाशे वर्षांचा कारागीर तुला थिंपूत तरी मिळेल का रे?"

आम्ही हसलो. तोही हसला, पण मागे हटला नाही. "उद्या पडली तर जाब मला विचारतील."

शेवटी असं ठरलं, की कंबरेइतका उंच एक तुकडा आम्ही ठोकायचा. तीन आठवडे वाळला की तो पहारीनं पारखायचा. टिकला तर माती, नाहीतर सिमेंट.

लोपेननं नागांची पूजा करून माती खणायची परवानगी मागितली. आम्ही माती निवडायला बसलो. गांडूळ, किडा, मुंगीचं अंडं, जे सापडेल ते पानावर घेऊन ओलाव्याला नेऊन सोडायचं. त्यातच दोन दिवस गेले. जुर्मी घड्याळ बघत होता.

"आजी, असं केलं तर वर्ष लागेल."

"देवाच्या भिंतीत जीव चिणू म्हणतोस?"

थोड्या वेळानं खाली वाकून त्यानंही एक गांडूळ उचललं. घाबरत उचललं, पण उचललं.

तीन आठवड्यांनी त्यानं पहार मारली. पहिल्या घावाला कोपरा ढासळला.

अकराजणींत सर्वांत लहान मीच, सेहेचाळीसची, आणि मला वाटलं, आता आमच्यामागून हे काम संपलं. केझांगनं पडलेलं ढेकूळ उचललं, मुठीत चुरलं. वाळू बोटांतून गळून गेली.

"माती चुकली," ती म्हणाली. "रस्त्याकडेची जवळ पडते म्हणून मी घ्यायला लावली. चूक माझी. या बायकांच्या हातात खोट नाही."

जुर्मीनं वही मिटली असती तरी आम्हाला बोलायला जागा नव्हती. त्यानं विचारलं, "मग चांगली माती कुठं आहे?"

"वर, आमच्या आज्यांच्या काळी खणायचे तिथं. तासाभराची चढण."

"आणि आणणार कोण?"

"पाय आहेत की आम्हाला."

गावात पुरुष मोजकेच. ते खणत राहिले आणि पाठीवर टोपल्या घेऊन आम्हीच उतरलो. सोळा दिवस. सकाळी मक्याचा भात आणि मिरची-चीज, संध्याकाळी गरम आरा, घरी गाळलेली दारू. त्याशिवाय गुडघे वाकत नव्हते. दुसरा तुकडा ठोकला, वाळवला. जुर्मीनं पहार मारली. ठण्ण झालं. पुन्हा मारली, पहार उसळून त्याच्याच हाताला झिणझिण्या आल्या.

"सही कर," केझांग म्हणाली.

त्यानं तिथंच दगडावर बसून सही केली.

कोरडा हिवाळा होता. भिंत दिवसाला हातभर चढू लागली. खबर शहरात पोचली तशा काहींच्या मुली रजा काढून चार-चार दिवस येऊन गेल्या. एके दिवशी जुर्मी खाली उभा राहून माप घेत होता. केझांगनं गाण्यातच ओळ घातली: 'थिंपूचा जावई बघा कसा उभा, हातात पट्टी आणि हाताला घट्टा नाही.' आम्ही ती ओळ इतक्यांदा घोळवली, की त्यानं बूट काढले आणि वर चढला. जेवणापर्यंत ठोकत राहिला. खाली उतरला तेव्हा तळहात फुटले होते आणि चेहरा लाल झाला होता.

देवळाच्या पुनःप्रतिष्ठेच्या सोहळ्याला सगळं खोरं लोटलं. ठेवणीतले किरे नेसून आम्ही मागच्या ओळीत बसलो होतो. लोपेननं पुण्य वाटून देताना नावं वाचली: ज्यांनी लाकूड दिलं ते, सुतार, चित्रकार, ज्यानं कळस घडवला तो. मग ते कागदाची घडी करू लागले.

केझांग उठली. "लोपेन, भिंत राहिली."

"काय?"

"भिंत आपोआप उभी राहिली नाही. आजवर कुणी आमची नावं घेतली नाहीत, आणि आम्हीही लाजून गप्प राहिलो. आज मीच घेते."

अंगणात हसू पसरलं आणि लगेच विरलं. ती ताठ उभी राहिली आणि गाण्यासाठी लावायची तोच आवाज लावून एकेक नाव घेऊ लागली. स्वतःचं आधी, संकोच न करता. मग त्या त्या बाईच्या नावासोबत तिच्या आईचंही, कारण ठोकायला शिकवलं त्यांनीच. "पेल्दोनची मुलगी चिमी," असं ती म्हणाली तेव्हा माझी मान आपसूक वर झाली. आईचं नाव मी कित्येक वर्षांत मोठ्यानं ऐकलं नव्हतं.

अकरा नावं झाली. ती बसता बसता थांबली.

"आणि हा जुर्मी," ती म्हणाली, "अर्धा दिवस."