गुंडूचा खुराक

अक्कम्मांनी सलाइन लावलेला नातीचा हात उशीवर अलगद ठेवला, पदर खांद्यावरून नीट ओढून घेतला आणि मगच डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तर दिलं.

"आमी लिंगायत हाय, बाई. अंडंसुदा येत न्हाय आमच्या घरात."

डॉक्टर वैजयंतींनी विचारलं होतं ते इतकंच, की घरात कच्चं मांस येतं का. अकरा महिन्यांच्या सिद्धेश्वरीला जुलाबातून रक्त पडत होतं आणि ताप हटायला तयार नव्हता. पाणी, दूध, बाटली, बाहेरचं खाणं असं सगळं विचारून झाल्यावर शेवटी हा प्रश्न आला. असले जंतू बऱ्याचदा कच्च्या कोंबडीतून येतात, असं त्यांनी सांगितलंही. पण अक्कम्मांच्या अंगाचा तिळपापड झाला होता. नवी पेठेत आमचं कापडाचं दुकान आहे, कुणालाही विचारा, असं त्या वर म्हणाल्या. दुकानाचा आणि पोरीच्या पोटाचा काय संबंध, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

त्यांचा मुलगा नंदीश ओशाळून हसला. आमच्याकडे केकसुद्धा बिनअंड्याचा येतो, एवढंच काय, आमचा कुत्राही शाकाहारी आहे, असं त्याने डॉक्टरांना समजावलं.

डॉक्टरांनी मान वर केली. कुत्रा काय खातो, असं विचारल्यावर अक्कम्मांनीच अभिमानाने सांगितलं, की ज्वारीची भाकरी, दूध आणि दहीभात. मुधोळ या शिकारी जातीचं ते पिल्लू नंदीशनेच हौसेने आणलं होतं. नाव ठेवलं गुंडू. कानडीत गुंडू म्हणजे वाटोळा. पण हा गुंडू कधी वाटोळा झालाच नाही. त्याच्या फासळ्या दिसायच्या, केस गळायचे आणि उभा राहिला की मागचे पाय लटपटायचे. उन्हाळ्यानंतर मात्र तो अंगाने भरला. अक्कम्मा भाकरीवर चमचाभर तूप जास्त घालू लागल्या होत्या, त्याचा हा गुण, असं त्यांनी शेजारीपाजारी दहा जणींना सांगून झालं होतं.

मग पाण्यातूनच काहीतरी गेलं असावं, असं डॉक्टर म्हणाल्या. विष्ठेचा रिपोर्ट यायला वेळ होता, तोवर आहे तेच औषध चालू ठेवू. पण जाता जाता त्यांनी लपवलंही नाही. पोरीची लक्षणं मला बरी वाटत नाहीत, असं त्यांनी शिवानीला, सिद्धेश्वरीच्या आईला, स्पष्ट सांगितलं. शिवानीने पोरीच्या कपाळावरचा हात काढला नाही.

दाराशी अक्कम्मांचे यजमान बसलिंगप्पा उभे होते. कपाळाला भस्म, अंगात पांढरा सदरा, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी. लिंगपूजा झाल्याशिवाय चहाचा घोटही न घेणारा माणूस. डॉक्टर जवळून जाऊ लागल्या तेव्हा ते बाजूला झाले नाहीत.

"डॉक्टर, थांबा जरा. कुत्र्याला मी देतो. कोंबडी. कच्चीच."

खोलीत कुणाला काही कळलंच नाही. अक्कम्मांना वाटलं, रात्रीच्या जागरणाने हे बरळताहेत. पण बसलिंगप्पा थांबले नाहीत. खाली बघत, गिऱ्हाइकाला कापडाचा दोष सांगावा तसं त्यांनी एकेक करून सगळं सांगितलं. जनावरांच्या डॉक्टरने त्यांना एकट्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की ही जात दहीभातावर जगत नाही, असंच चाललं तर कुत्रा हातचा जाईल. तेव्हापासून ते एक दिवसाआड, दुकान उघडायच्या आधी, ओळखीचं कुणी भेटणार नाही अशा गल्लीत स्कूटर नेत. तोंडाला कोरोनातला मास्क. कोंबडीचे तुकडे पिशवीत घेऊन मागच्या जिन्याने गच्चीवर जायचे. अक्कम्मांचे गुडघे दुखतात, त्या काही वर येत नाहीत. दुकानातली, गाठोड्यांचे दोर कापायची जुनी सुरी त्यांनी गच्चीवर नेऊन ठेवली होती. गुंडूचं खाऊन झालं की फरशीवर दोन बादल्या पाणी ओतायचं. फिनेल कधी टाकलं नाही, कारण त्याचा वास खाली आला असता आणि कुणीतरी विचारलं असतं.

शिवानीचा हात तोंडावर गेला. रोज तेल लावून झाल्यावर पोरीला कोवळ्या उन्हात ती त्याच फरशीवर सोडत होती. पोरगी रांगत गुंडूपाशी जायची आणि गुंडू तिचं तोंड चाटायचा. घरात सगळ्यांना त्याचं कौतुक होतं.

अक्कम्मांच्या पायाखालची जमीन सरकली. आचाऱ्याची भांडी मटणाच्या खानावळीतून आली आहेत असं कळल्यावर एका लग्नात हाच माणूस भरल्या पंगतीतून उठला होता. त्याच्या हाताला कोंबडीचं रक्त लागलेलं त्यांना डोळ्यांसमोर आणता येईना. त्यांना पहिल्यांदा लाज वाटली ती डॉक्टरांची. आत्ताच एवढ्या तोऱ्यात बोललो आणि हे काय निघालं. मग पलंगाकडे लक्ष गेलं आणि पोर अशी निपचित पडलेली असताना आपल्याला लाज कसली सुचते आहे, याचाच त्यांना राग आला.

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी नर्सला बोलावून औषध बदलायला सांगितलं. मग बसलिंगप्पांकडे वळून विचारलं, "द्यायचं होतं तर उकडून का नाही दिलंत?"

"घरात शिजवलं तर चूल बाटती. कच्चंच वरच्या वर दिलं, तर घर सुटलं, असं वाटलं मला."

"उकडून दिलं असतं, तर बहुतेक ही वेळ आली नसती," डॉक्टर म्हणाल्या आणि नर्समागोमाग निघून गेल्या.

बसलिंगप्पा स्टुलावर बसले. सवयीने त्यांचा हात गळ्यातल्या डबीकडे गेला, पण अर्ध्या वाटेतच त्यांनी तो खाली घेतला. नंदीश बापापुढे कधी आवाज चढवत नसे, तो आज चढला. गळ्यात लिंग घालून हे असलं करवलं कसं, असं त्याने विचारलं. कुत्रा घरात राहणार नाही, पोर घरी आली की मी त्याला मंगळवेढ्याच्या शेतावर सोडून येतो, असं त्याने जाहीर केलं. मीच त्याला जगवला, एवढंसुद्धा बसलिंगप्पांनी म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ताप उतरायला लागला. अक्कम्मा अंघोळीपुरत्या घरी आल्या तेव्हा गुंडू पाळण्याखाली पडून होता. शेजारणीने घातलेली भाकरी तशीच वाळली होती. अक्कम्मांना बघून तो उठला आणि त्याचे मागचे पाय लटपटले. त्याने दाराकडे पाहिलं, त्यांच्या मागून कुणी येतंय का ते. मग येऊन त्यांच्या पायावर हनुवटी टेकली. ह्याला हाकलून द्यावं असं त्यांच्या मनात आलं, पण पाय काही त्यांनी काढून घेतला नाही. पोरीला काय झालं होतं, असं शेजारणीने विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, नळाचं पाणी बाधलं.

संध्याकाळी डॉक्टर तपासायला आल्या तेव्हा सिद्धेश्वरी त्यांच्या गळ्यातल्या स्टेथोस्कोपला लोंबकळत होती. शिवानी आदल्या दिवसापासून पहिल्यांदा हसली. गच्ची औषध टाकून घासून घ्या, हात साबणाने धुवा, कुत्र्यालाही तपासून आणा, असं डॉक्टरांनी सांगितलं. कुत्रा जाणारच आहे, असं नंदीश म्हणाला. खिडकीजवळ बसलेल्या बसलिंगप्पांनी बाहेर पाहिलं. अक्कम्मा कालपासून त्यांच्याशी एक अक्षरही बोलल्या नव्हत्या.

डॉक्टर खोलीबाहेर पडल्या तशा अक्कम्मा दुखरे गुडघे ओढत त्यांच्यामागे गेल्या. मागून कुणी येत नाही ना, ते त्यांनी वळून पाहिलं. पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं, आणि खालच्या आवाजात म्हणाल्या,

"बाई, ती कोंबडी शिजायला वेळ किती लागतंय? घरात कुनाला इचारावं, तर ठावंच न्हाय कुनाला."