पल्याडच्या काठाचं मत

मी फळी बोलतेय. झोक्याची फळी, भडगावची. अंगावर सोनेरी रंग दिसतोय म्हणून मला देवघरातली समजू नका. तो रंग टीव्हीवाल्यांनी फासलाय, मला न विचारता. आत बाभूळ आहे, आणि बाभळीला चमकायची हौस नसते.

बैलगाडीच्या मोडक्या साट्यातून भटू मिस्तरीने मला तासून काढलं, टोकांना भोकं पाडली आणि गिरणाकाठच्या निंबाला दोराने टांगलं. तेव्हापासून दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझ्यावर पोरी बसल्या, माहेरी आलेल्या सासुरवाशिणी बसल्या. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. जे शिकले ते त्यांच्या गाण्यांतून शिकले, आणि कोणापेक्षा कमी शिकले नाही.

सगळ्यांत जास्त बसली ती कोकिळा. इथलीच लेक आणि इथलीच सून. झोका हलला की तिचा गळा सुटतो, थांबला की बंद.

आमच्याकडची रीत आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आखाजीला अल्याडच्या बायका नदीपल्याडच्या बायकांना गाण्यातून चिडवतात. नदीत पाणी असो की नुसती वाळू. नवरा, सासू, भाकरी, काही सुटत नाही. पल्याडच्यांनी त्याहून झोंबरं उत्तर द्यायचं. समोरून उत्तर आलं नाही तर गाणाऱ्या बाईचा अपमान. कोकिळेला उत्तर द्यायची पल्याडची इंदिराबाई. दोघींनी एकमेकींच्या सात पिढ्या उद्धरल्या आणि दिवाळीला एकमेकींकडे फराळ पाठवला.

मग इंदिराबाईच्या कंबरेचं हाड मोडलं. लेकाने तिला धुळ्याला नेलं. पल्याडच्या बाकीच्या बायका मोबाईलवर गाणी लावून बसायला लागल्या. कोकिळा गायची, आणि समोर वाळू.

अशात तिची नात मोहिनी जळगावहून आली. म्हणाली, आजी, टीव्हीवर स्पर्धा आहे, देशातून एक गाणं निवडणार आणि ते देशादेशांच्या स्पर्धेला पाठवणार. तुझं गाणं, माझी गिटार. कोकिळेने एकच विचारलं, तिथे समोर बाया राहतील का? मोहिनी म्हणाली, सगळ्या जगाच्या. म्हातारी लगेच तयार झाली. एवढ्या जगात कोणी ना कोणी उत्तर देईलच, असा तिचा हिशोब.

फळीशिवाय गाणं येत नाही, म्हणून मीही मुंबईला गेले. तिथे मला रंग दिला, कागदी झेंडूत गुंडाळलं. दोर लोखंडी सांगाड्याला बांधला, निंब नाही, वारा नाही. मी गोंधळून गेले. कोणी 'टाळ्या' म्हटलं की लोक वाजवायचे, हात खाली केला की गप्प. कोकिळा गायली. परीक्षक रडले. रडण्यासारखं त्यात काय होतं? गाणं तर पल्याडच्या सासूच्या मिशीवर होतं.

शेवटी दोनच गाणी उरली. आमचं, आणि किरण नावाच्या डोंगराकडच्या एका पोरीचं. ती पोरगी फार गोड गायली. गाणं संपलं, टाळ्यांचा इशारा अजून व्हायचा होता. सभागृहात शांतता. कोकिळा माझ्यावरच बसलेली, तिने पायाने मला रेटा दिला. आता ही उत्तर देणार, हे मला कळलं, पण मी काय करणार? तिने तोंड उघडलं:

"पल्याडनी पोर, तिन्ही भाकर करपनी,
तिन्हा नवरा म्हने, माय, मी उपाशी शे."

निवेदकाने हसत अर्थ विचारला. मोहिनीला खोटं बोलता येत नाही. तिने सांगितला, या पोरीची भाकरी करपली आणि नवरा उपाशी राहिला. किरणचे डोळे भरले. परीक्षक एकमेकांकडे बघायला लागले. मग लोकांची मतं आली आणि किरणचं गाणं निवडलं गेलं.

गाडीत मोहिनी म्हणाली, "आजी, ती काय आपली वैरी होती?"

"वैरीले गाना कोन म्हनस, पोरी?" कोकिळा म्हणाली.

सरळ घरी जायचं होतं, पण म्हातारी अडून बसली, आधी धुळं. मी टपावर बांधलेली. इंदिराबाई ओट्यावर खुर्चीत बसली होती. 'काय वं, बरी शेस का' असं काही नाही. आम्हाला बघताच तिने सुरू केलं:

"अल्याडनी म्हतारी टीव्हीमा गई,
दात इसरनी घर, फू करीसन उनी."

दात घरी विसरली आणि टीव्हीवर नुसती फू करून आली म्हणे! कोकिळा रस्त्यातच उभी राहिली. किती वर्षांनी तिचं तोंड असं उजळलं. पुढच्या दोन कडव्यांत दोघींनी एकमेकींचे नवरे काढले, दोघेही कधीच वारलेले. चहा घेताना कोकिळेने विचारलं, मत तरी दिलं का मला?

"तुले कशाले देसू? मी पल्याडनी शे. त्या किरणले दिधं, घरभरना फोनवरथीन."

मोहिनीने कपाळाला हात लावला. कोकिळा मात्र इतकी हसली की तिला ठसका लागला. आम्ही हरलो की काय झालं, ते मला अजून उमगलेलं नाही.

आता मी पुन्हा निंबाला टांगलेली आहे. सोनं पोपडे धरून गळतंय, गळू दे. कोकिळा बसते, आणि तिला घोर त्या किरणचा. विचारते, परदेशात तिच्यासमोर कोणी राहील ना? मोहिनी म्हणते, लोक टाळ्या वाजवतात, आजी. म्हातारीला ते पटत नाही. मलाही नाही.

म्हणून तुमच्यातलं कोणी तिकडे जाणार असेल तर एवढं करा. पोरीचं गाणं संपलं की टाळ्यांवर भागवू नका. उभे राहा आणि तिच्या भाकरीचं काहीतरी काढा.