पाटावरच्या दोन मशिनी

रजनी श्रीधरच्या फोटोवरचा सुकलेला हार काढत होती, तेवढ्यात फोन वाजला. फ्रीगंजच्या क्लिनिकमधली स्नेहा होती.

“आंटीजी, बधाई! अंकल की रिपोर्ट एकदम बढ़िया है. कल रात भी पूरी नींद ली.”

हार हातातच राहिला.

“बेटा, वो तो दिवाली से पहले ही चले गए.”

“ऐसे कैसे? मशीन तो रोज चल रही है!”

झोपेत श्वास अडकायचा, म्हणून दोघा भावांनी मास्क लावून हवा देणारी मशीन घेतली होती. श्वास कितीदा अडकला, ते मशीन ज्याच्या नावावर त्याच्या नावानं क्लिनिकला आपोआप कळायचं. श्रीधरचा आजार भारी, त्याच्या मशीनला हवेचा जोर जास्त. वर राहणाऱ्या प्रकाशभावजींचा बेताचा, त्यांच्या मशीनचा जोर कमी.

खंडेनवमीला दोन्ही मशिनी पाटावर मांडल्या होत्या, शेजारी-शेजारी, झेंडू वाहून. ज्याच्यामुळे माणसं श्वास घेतात त्याची पूजा व्हायलाच हवी, हा रजनीचाच हट्ट. संध्याकाळी हळदकुंकू पुसून तिनंच त्या जागच्या जागी नेऊन ठेवल्या. जागच्या जागी! दिसायला दोन्ही अगदी सारख्या.

त्याच रात्रीपासून श्रीधर म्हणायला लागला, “हवा पुरत नाही गं, जीव घुसमटतो.” तिनं क्लिनिकला विचारलं, तर रिपोर्ट उत्तम. मग तिनंच त्याला झापलं, “तुमचं आपलं काहीतरीच! गुपचूप मास्क लावा नि झोपा.” आणि एका रात्री तो झोपला तो झोपलाच. अगं आई गं, काय करून बसले मी!

“आंटीजी, फिर उस मशीन पर सो कौन रहा है?”

जिना उतरून प्रकाश आला. चेहरा ताजातवाना.

“वहिनी, फ्रीगंजवाल्यांचा फोन का? माझंही डोकं खाल्लं होतं त्यांनी. दसऱ्यापासून रोज तेच, आपकी साँस बहुत रुक रही है, आकर दिखाइए. मी इथं घोडे विकून झोपतोय, कशाला जाऊ? गेलोच नाही.” फोटोकडे बघून त्यानं आवाज उतरवला. “दादा गेल्यापासून मात्र एक फोन नाही. तेवढी तरी लाज आहे म्हणायची.”

रजनीनं फोन त्याच्यापुढे धरला.

“तुम्हीच बोला तिच्याशी, भावजी.”

त्यानं घसा खाकरून फोन कानाला लावला.