जांभळं रोप

मी जांभळ्या भाताचा दाणा बोलतोय. घोटीजवळच्या भात संशोधनाच्या शेतावर, कपाटातल्या बाटलीत पडून आहे. आमच्या कुळाची पानंच जांभळी. तांदूळ जाडाभरडा, पण करपा रोग आमच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही.

खुरपणीला येणाऱ्या साळूबाईचा वासाचा भात मात्र दरसाल करपायचा. एकदा तिने शेतावर भाताच्या जाती तयार करणाऱ्या यादव साहेबांना गाठलंच.

"साहेब, न करपणारं बी कधी देनार? पोरं काय पेंढा खातील का?"

"देतो. जरा दम धरा."

साहेबांनी मनावर घेतलं. आमचं बी जुनं झालेलं. त्यातलं एकच रोप तगलं. त्याचे पराग त्यांनी चिमट्याने वासाच्या भाताच्या फुलांवर टाकले, वर कागदी पिशव्या बांधल्या. नंतर आमचं ते रोप खोडकिडीने वाळलं. पण संकराचं बी हाती आलं होतं. ते पेरल्यावर हिरवं उगवेल ते नुसतं आईचं, जांभळं उगवेल तेच दोघांचं लेकरू. त्यातूनच पुढे न करपणारा वासाचा भात निवडायचा होता. चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यात वाफ्यात थोडी जांभळी रोपं डोकावली. मला मेल्याला तेव्हा किती आनंद झाला!

साहेब मीटिंगला नाशिकला गेले. वाफ्यात जांभळं दिसलं की रानभाताची भेसळ समजून मुळासकट उपटायचं, ही शिस्त त्यांनीच बायांना लावलेली. हा वाफा वेगळा आहे, हे सांगायचं राहून गेलं. शिकल्यासवरल्यांना वाटतं, आपल्या मनातलं सगळ्या शिवाराला ठाऊक असतं.

ते परतले तेव्हा साळूबाई हौसेने पुढे आली. "वाफा लख्ख केला बघा. एक जांभळं ठेवलं नाय."

"उपटलेली रोपं कुठायत?"

"शेळीला घातली. का वो, काय चुकलं का?"

साहेब बांधावर बसले. "नाही," म्हणाले, "काम चांगलं केलंत."

त्या वर्षीही तिचा भात करपला. बाटलीतले माझे भाऊ ओल्या फडक्यात उगवायला ठेवले, ते कुजले. माझ्यातही आता जीव नाही. बाबांनो, काय उपटायचं ते सांगता, तसं काय राखायचं आणि कुणासाठी, तेही सांगत जा.

परवा साळूबाई कपाट पुसायला आली. बाटली उजेडात धरून तिने विचारलं, "हे कसलं बी, साहेब?"

"जुनं आहे," साहेब म्हणाले.

तिने बाटली पदराने पुसली आणि होती तिथे ठेवली.