भावाचा फोन

शिलाईताईने मशीन भिंतीकडे ढकललं, फरशीवरची दोऱ्यांची टोकं वेचली आणि सतरंजी अंथरली. गुरुवारचे साडेसहा वाजले होते, सातला मंडळी येणार. अर्धवट शिवलेले गणवेश तिने गाठोड्यात बांधून पलंगाखाली सारले. अकरा वर्षं दर गुरुवारी ती हेच करत आली होती, पण गेले पाच महिने सतरंजी झटकताना ती आज काय सांगायचं ते मनात जुळवत असायची.

चर्चच्या या घरसभेचं नावच उत्तेजनसभा. उपदेश नाही, लांबण नाही. एक गीत, एक वचन, आणि मग आठवड्यात देवाने काय केलं ते प्रत्येकाने सांगायचं. अडचण असेल तर तीही सांगायची. अडचणी सिस्टर वहीत लिहून घेत. तीस वर्षं इस्पितळात नर्स म्हणून काढलेल्या बाई, त्यांच्या हातून नोंद सुटणं शक्य नव्हतं. अडचण मिटली की त्या ओळीवर पट्टी ठेवून लाल रेघ मारत, आणि पुढच्या गुरुवारपासून तिच्यासाठी प्रार्थना बंद. मिटलेल्या गोष्टीसाठी देवाला पुन्हा कशाला त्रास, असं त्यांचं सरळ मत होतं.

वहीतली सगळ्यांत जुनी ओळ शिलाईताईची होती. धाकट्या भावाने बोलावं, एवढंच. सहा वर्षांपूर्वी वडिलांच्या दफनाला तो उशिरा पोहोचला, तेव्हा कबरस्तानाच्या फाटकातच, चार लोकांदेखत ती त्याला म्हणाली होती, "आता कशाला आलास?" तो तिथूनच मागे वळला. नंतर ना फोन, ना निरोप. ती करायची ते फोन तो उचलत नसे.

मग पाच महिन्यांपूर्वी एका गुरुवारी सभा घेणारे पाळकसाहेब फार थकलेले आले. त्या दिवशी कोणाकडेच सांगण्यासारखं काही नव्हतं. तब्येत बरी, काम बरं, देवाची कृपा, झालं. पाळकसाहेबांनी पवित्र शास्त्र मिटून मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, यातून कोणाला बळ मिळत नसेल तर सभा बंद केलेली बरी. त्यांचा चेहरा बघवेना. शिलाईताई बोलून गेली.

"भावाचा फोन आला होता. मंगळवारी, साडेचारला."

पाळकसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. सिस्टरनी लाल पेन काढलं.

खोटं एकदाच बोलायचं असतं, असं तिला वाटलं होतं. पण मंडळी प्रेमळ. दर गुरुवारी कोणीतरी विचारणारच, "काय म्हणतात भाऊ?" मग तिला भावाला सर्दी आणावी लागली आणि बरी करावी लागली. भावजयीचा गुडघा दुखवावा लागला. एकदा तिने त्याच्या घराला रंगही दिला, आणि कोणता असं सिस्टरनी विचारल्यावर घाईत पिवळा म्हणाली. नंतर तीन दिवस तो पिवळा तिला खटकत राहिला, कारण भावाला पिवळा कधीच आवडला नव्हता. सगळ्यांत वाईट म्हणजे अकरा माणसांमधलं एकही आता त्याच्यासाठी प्रार्थना करत नव्हतं. ज्या गोष्टीसाठी तिचा जीव तुटत होता ती सगळ्यांच्या लेखी मिटली होती.

आजच्या गुरुवारी गीत संपल्यावर ड्रायव्हरदादा घसा खाकरून म्हणाला, "मला सांगायचंय."

सगळे त्याच्याकडे बघू लागले. हा माणूस दिवसभर बस चालवायचा आणि संध्याकाळी कोपऱ्यात गप्प बसायचा. बायको गेली त्या वर्षी मुलाशी भांडण झालं, मुलगा घर सोडून गेला, तेव्हापासून तो एकटाच राहत होता.

"ताईंचं ऐकून मी मुलाला फोन केला," तो सतरंजीकडे बघत म्हणाला. "तो आला रविवारी. जेवला घरी."

सिस्टरनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. पाळकसाहेब गुडघ्यांवर उठून बसले. त्यांना इतकं खुश शिलाईताईने वर्षभरात पाहिलं नव्हतं.

"या रविवारी मंदिरात दोघांनी सगळ्या मंडळीसमोर साक्ष द्यायची, देवाने काय केलं ते सांगायचं," ते म्हणाले. "आधी ताई, मग तुम्ही. आणि ताई, भावालाही बोलवा की. समोर बसू दे."

"विचारते," शिलाईताई म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

शुक्रवारी तिने तीन बाह्या उलट्या जोडल्या आणि तिन्ही उसवल्या. पाळकसाहेबांना सांगावं तर ते पुन्हा त्या दिवसासारखे बसतील. न सांगावं तर दोनशे माणसांसमोर, वेदीपाशी उभं राहून देवाच्या नावाने खोटं बोलावं लागेल. आजारी पडावं, तर सिस्टर थर्मामीटर घेऊन दारात हजर. पण ड्रायव्हरदादाला आधी सांगायलाच हवं, एवढं तिला कळत होतं. त्याच्या मुलाचं येणं तिच्या थापेवर उभं होतं. ते उद्या त्याला दुसऱ्याकडून कळणं बरं नव्हे.

शनिवारी दुपारी ती डेपोत गेली. तो गाडीचा आरसा पुसत होता. सुटायला दहा मिनिटं होती, गाडी रिकामी होती. ती पुढच्या दाराने चढली आणि त्याच्या मागच्या सीटवर बसली.

"दादा, माझ्या भावाचा फोन आलाच नाही," ती म्हणाली. "कधीच नाही. मी ते सगळं रचून सांगितलं."

तो आरसा पुसत राहिला. मग फडकं घडी करून खिडकीत ठेवलं आणि आपल्या जागेवर येऊन बसला, तिच्याकडे पाठ करून.

"तो पिवळा रंगही?"

"तोही."

"मला वाटलंच. एवढं बारीकसारीक खरं कोणी सांगत नाही."

"तुमचा मुलगा आला, हे तरी बरं झालं माझ्या हातून," ती म्हणाली. "उद्या मी खरं सांगणार आहे. तुम्हाला आधी कळावं म्हणून आले."

स्टिअरिंगवर त्याचे दोन्ही हात होते, गाडी चालू असल्यासारखे.

"तो आला नाही, ताई."

"कोण?"

"मी फोन केला हे खरं. त्याने आवाज ओळखला आणि ठेवून दिला. पण दर गुरुवारी सगळे आपापलं चांगलं सांगतात. मलाही वाटलं, एकदा आपल्याकडेही असं कोणी बघावं."

शिलाईताईला त्याच्या मानेवरचे पांढरे केस दिसत होते. तिला रडू आलं आणि जरा हसूही आलं.

"उद्या सांगू नका," तो हळूच म्हणाला. "तुमचं उघडं पडलं तर माझ्यावर कोण विश्वास ठेवेल? पाच मिनिटांचं काम आहे. दोघं बोलू आणि बसू."

"आणि पुढच्या गुरुवारी?"

"पुढच्या गुरुवारी मी सांगेन, त्याचा ताप उतरला."

"मग त्याच्यासाठी देवाकडे मागणार कोण, दादा? माझ्या भावासाठी पाच महिने कोणी मागितलं नाही. मी एकटीच मागतेय, तेही लपून."

मागच्या दाराने कंडक्टर चढला आणि लोक चढू लागले. ड्रायव्हरने गाडी सुरू केली. ती उतरली तेव्हा तो समोर रस्त्याकडेच बघत होता, आणि उद्या काय करायचं ते दोघांत ठरलं नव्हतं.

रविवारी प्रार्थनामंदिर भरलं होतं. पाळकसाहेबांनी तिला बोलावलं, आधी दोन शब्द कौतुकाचेही बोलले. ती पुढे गेली. तिसऱ्या बाकावर ड्रायव्हर मान खाली घालून बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. शिलाईताईने फक्त आपल्यापुरतं बोलायचं ठरवलं होतं.

"माझ्या भावाचा फोन आलेला नाही," ती म्हणाली. "सहा वर्षं झाली. मी पाच महिने तुमच्याशी खोटं बोलले. पाळकसाहेबांची यात काही चूक नाही. वडील गेले तेव्हा मी त्याला फाटकातून परत लावलं. माझी चूक आहे आणि मला तो हवा आहे."

पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पण परत घातला नाही. सिस्टर आपल्या हातांकडे बघत बसल्या. ती जागेवर जायला वळली.

पुढच्या बाकावरची एक म्हातारी, जिच्याशी ती कधी दोन वाक्यंही बोलली नव्हती, कानामागे हात धरून पुढे वाकली.

"नाव काय ग त्याचं?"

पाच महिने सगळ्यांनी भावाची सर्दी विचारली, रंग विचारला, नाव कोणाला लागलंच नव्हतं. शिलाईताईने ते सांगितलं. म्हातारीला ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा मोठ्याने सांगितलं. म्हातारीने ते एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं आणि मान हलवली.

ती जागेवर येऊन बसली. पाळकसाहेबांनी हातातल्या कागदाकडे पाहिलं. दुसरं नाव त्यावर होतंच.

"ड्रायव्हरदादा," ते सावकाश म्हणाले, "तुमची साक्ष."

तो पुढे आला नाही. आपल्याच बाकापाशी उभा राहिला, समोरच्या बाकाची पाठ दोन्ही हातांनी धरून.

"ताईंच्या भावासाठी प्रार्थना कराल," तो म्हणाला, "तेव्हा माझ्या मुलाचंही नाव घ्या."